डाव्या कानातली झांज

अहो, तुम्ही गेल्यापासून घरात कुणी गाणं लावलेलं नाही. मयुरी अभ्यासाला बसते तेव्हा कानात इअरफोन घालते, पण मी समोर आले की पटकन काढून मुठीत धरते. चोरी पकडल्यासारखी बघते माझ्याकडे. मी म्हटलं, "ऐक गो, पप्पांना आवडायचंच ना." तर म्हणाली, "म्हणूनच नाय ऐकवत." मग ती पुस्तकात तोंड घालून बसली आणि मी उगाच ओटा पुसत राहिले. आधीच पुसलेला.

भेटायला येणारे सगळे एकच बोलतात. रघुनाथ म्हणजे साधा माणूस, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी मान हलवते. साधा? यांच्यातल्या एकानं तरी तुमच्याशी गाण्याच्या ॲपवरून वाद घालून बघायला हवा होता. कंपनीतून यायचात, चहाचा कप हातात घ्यायचात, आणि तो संपायच्या आत वाशिंदच्या त्या दोन खोल्यांत भांडण उभं राहायचं. तीन ॲपं होती तुमच्याकडे आणि तिन्हींची नावं तुम्हीच ठेवलेली. मधे मधे जाहिराती वाजवतं ते फुकटवालं. त्याच्याहून बरं ते मधलं. आणि ज्यात गाणं जसं वाजवलं तसंच्या तसं येतं असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगायचात, ते भारीवालं.

"डोळे मीट, सुनंदा."

"भाजी करपेल."

"करपू दे. एकच कडवं. आता सांग, हे बरं का मघाचं?"

"सगळं सारखंच वाटतं हो मला."

"सारखं कसं? तुला हातसडीचा तांदूळ नि पॉलिशचा तांदूळ सारखा लागतो काय?"

"नाय."

"मग! गाणं फोनवर पाठवायचं तर ते दाबून लहान करावं लागतं. दाबताना त्याचा कोंडा निघून जातो. पोट भरतं, पण चव नाय राहत."

"गाण्याला कोंडा असतो, हे पहिल्यांदाच ऐकते."

तुम्ही एवढे हसलात की चहा शर्टावर सांडला. तो डाग मी घासून घासून काढला होता. आता वाटतं, कशाला काढला.

हे वेड तुमच्यात ॲपांच्या आधीपासूनचं. मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते तानसाकडच्या आमच्या गावात, माझ्या चुलत बहिणीच्या हळदीला. धसईच्या पलीकडून बेंजो पार्टी आणलेली. अंगणात नाच रंगात आला होता, ढोलावर तुमचे जोडीदार बबनभाऊजी होते, आणि एकाएकी बेंजो थांबला. बेंजोवाल्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. काय तर एक तार उतरली होती. पोरं ओरडायला लागली, "वाजव रे, काय फरक पडतो!" तुम्ही मान खाली घालून ती तार पिळत बसलात, एकेक बटण दाबून सूर तपासत. हळद माखलेली नवरी पाटावर ताटकळली. माझी आत्या रागानं पुटपुटली, "ह्या मेल्याला कोणी आणलान?" मी मात्र बघत राहिले. एवढ्या आरडाओरड्यात हा माणूस स्वतःच्या कानाशिवाय कुणाचंच ऐकत नाही, हे मला फार आवडलं. त्या कानाशीच मी लग्न केलं म्हणा ना.

आणि तोच कान दगा देईल, हे कुणाच्या स्वप्नात तरी होतं का?

गेल्या वर्षी भाताची कापणी चालू होती तेव्हा तुमची कुरकुर सुरू झाली. ते जुनं हळदीचं गाणं, ज्याच्यावर तुम्ही सगळी ॲपं पारखायचात, त्यातली झांज गेली म्हणालात. आधी फुकटवाल्याला शिव्या घातल्यात. मग मधल्याला. मग एक दिवस अगदी घरातलं कुणी फितूर झाल्यासारखं तोंड करून आलात. "भारीवाल्यानं पण दाबायला सुरुवात केली गो." रेंज बघितलीत. गावाला डोंगराखाली रेंज नसते म्हणून गाणी आधीच उतरवून ठेवायचात, ती पुसून पुन्हा उतरवलीत. सेटिंगमधे जाऊन सगळ्यात वरची क्वालिटी लावलीत. नवे इअरफोन आणलेत. झांज काही येईना.

रविवारची दुपार होती. मी खाली बसून वाल सोलत होते. तुम्ही इअरफोन माझ्या कानात घातलेत. माझे हात ओले होते.

"वाजते का झांज?"

"वाजते की. मस्त वाजते."

"कुठे?"

"ह्या कानात. डाव्या."

तुम्ही इअरफोन काढून घेतलेत, स्वतःच्या कानात घातलेत, डोळे मिटलेत. "नाय वाजत."

"अहो वाजते. मला आली ना ऐकू."

मग तुम्ही इअरफोन उलटे केलेत. डाव्याचा उजव्यात, उजव्याचा डाव्यात. तुमचं तोंड एकदम उजळलं. "आली! आली गो!" मीही हसले. म्हटलं, सुटलो एकदाचे. पण तुमचं हसू तिथंच अडकलं. तुम्ही मान जराशी वाकडी केलीत, हळदीच्या अंगणात तार तपासताना करायचात तशी.

"झांज आली," म्हणालात. "पण आता बासरी गेली."

मला कळलंच नाही. तुम्हाला कळलं. इअरफोन काढून नीट गुंडाळून तुम्ही फळीवर ठेवलेत आणि माझ्यासमोर येऊन बसलात. एक वाल उचललात. सोलला नाहीत.

"गाण्यात काय नाय गो," म्हणालात. "माझ्यात हाय."

शहापूरच्या डॉक्टरांनी कल्याणला पाठवलं, कल्याणहून मुंबईला. कानाच्या नसेवर गाठ होती. मोठे डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, साधी गाठ आहे. पण मेंदूकडे वाढतेय, काढावी लागेल आणि डावा कान वाचणार नाही. त्या एका शब्दाला मी किती घट्ट धरून बसले होते. साधी. गावाला फोन करून प्रत्येकाला सांगितलं, साधी आहे, साधी आहे. आता कुणी तो शब्द उच्चारला की माझ्या अंगाची आग होते. तुम्हाला साधा म्हणतात तेव्हासुद्धा.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंतचे ते आठवडे. आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण एवढं जवळ बसणं तेव्हाच झालं. संध्याकाळी भातसा नदीकडे जायचो. एक इअरफोन, दोन टोकं. डावं माझ्याकडे, उजवं तुमच्याकडे.

"डावीकडचं तू ऐकायचं नि मला सांगायचं," असं ठरवलंत तुम्ही.

"काय सांगू?"

"झांज कशी वाजते ते."

"पितळेच्या ताटात मूग सांडल्यासारखी."

"हे भारीवालं. आता थांब, फुकटवालं लावतो. आता?"

"मूगच सांडले. पण भिजवलेले."

तुम्ही एवढ्या जोरात टाळी वाजवलीत की धुणं धुणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. "बघ! फरक हाय म्हणतेस ना? तूच म्हणालीस!"

"फुकटवाल्यात हाय. पण मधलं नि भारीवालं, त्यात मला तरी काय फरक नाय लागत."

"हाय. कान द्यावा लागतो."

"दिला ना कान."

"अजून द्यावा लागतो."

हा वाद तिथंच राहिला. नंतर हॉस्पिटलच्या पायरीवरही तुम्ही तो काढलात. मी पिशव्या सांभाळत होते, कागद सांभाळत होते, आणि तुम्ही म्हणालात, "घरी आलो की ते मधल्याचं नि भारीवाल्याचं एकदा ठरवून टाकू." मी म्हटलं, "बरं, ठरवू. आता चला." चला म्हटलं मी. आत चला.

त्याच्या आधी मुरबाडचं रेकॉर्डिंग झालं. ते तुम्हाला करायचंच होतं. मयुरीच्या हळदीला वाजवायची म्हणून तुम्ही बसवलेली चाल. तिचं लग्न अजून कुठे ठरलेलंही नाही, पण डावा कान जायच्या आत ती वाजवून ठेवायची हा हट्ट. ती एवढीशी खोली, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, पंखासुद्धा बंद. बबनभाऊजी ढोल घेऊन एका बाजूला, तुम्ही बेंजो मांडीवर घेऊन दुसऱ्या. मी काचेपलीकडे बसले होते. सुरुवात अशी झाली की रेकॉर्डिंगवाल्यानं हातातला मोबाइल खाली ठेवला. तुमची बोटं बटणांवर कशी पळत होती! आणि मग मधेच ढोल पुढे गेला आणि तुम्ही मागे राहिलात. हेडफोनमधे ढोल डाव्या कानात येत होता म्हणे. तुमचा हात थांबला, चाचपडला. क्षणभर वाटलं, आता सोडणार. सोडलं नाहीत. दोन सूर चुकीचे वाजले, तिसरा लागला, आणि धावती एसटी पकडावी तसा तुम्ही ढोल गाठलात. शेवटपर्यंत वाजवलंत. मग उठायला गेलात आणि भिंत धरून खाली बसलात. सगळी खोली फिरतेय म्हणालात.

"परत घेऊ," म्हणालात खालूनच.

"रघ्या, पुरे आता," बबनभाऊजी म्हणाले. "ऑपरेशन झालं की घेऊ परत. गाणं काय पळून नाय जात."

मुरबाडहून येताना गाडीत तुम्ही खिडकीला डोकं टेकून होतात. मला वाटलं, झोपलात. डोळे न उघडता म्हणालात, "मधला तुकडा सडका गेला. तो तसा बाहेर नाय जाता कामा."

मी हो म्हटलं. आजारी माणसाला काय म्हणणार?

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ निघाली. तुम्ही डोळे उघडलेत, डोक्याला पट्ट्या, तोंड एका बाजूनं सुजलेलं, आणि पहिलं काय बोललात तर, "डावीकडून काय नाय येत गो. एकदम गप्प."

माझा चेहरा पडला असणार. तुम्ही माझं बोट धरलंत. "उजवा हाय ना. उजवीकडून बोल."

मी खाटेला वळसा घालून उजवीकडे गेले. तुम्हाला पेज भरवली. मयुरीला फोनवर दाखवलं. तुम्ही तिला म्हणालात, "आता अर्धंच भाडं भरायला पाहिजे ना गो, ॲपांचं. एकच कान." ती तिकडे हसत होती आणि रडत होती. मग ताप आला. डॉक्टर धावपळ करत होते, औषधं बदलत होते, कुणी काही कमी केलं नाही. ताप डोक्यात गेला. तुम्हाला काचेच्या खोलीत नेलं. आत सोडायचे तेवढ्या वेळात मी उजवीकडेच उभी राहायचे. बोलत राहायचे. आपल्या बांधावरच्या आंब्याला मोहर आलाय म्हटलं. आलेला नव्हता. तरी सांगितलं. भारीवालंच चांगलं म्हटलं, तुमचंच बरोबर, फरक आहे, मला कळतो, उठा. काय काय कबूल केलं मी त्या उजव्या कानात! तुम्ही एकदाही "बघ, मी म्हणत होतो" म्हणाला नाहीत. तेव्हाच मला कळून चुकलं. जिंकल्यावर गप्प बसणारा माणूस नव्हता माझा.

शेवटपर्यंत मी उजवीकडेच होते, अहो. जागा सोडली नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर बबनभाऊजी वाशिंदला आले. पाणी घेतलं, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "वहिनी, ते मुरबाडचं गाणं बाहेर काढावं म्हणतो. त्याच्या नावानं. तिन्ही ॲपांवर टाकू."

"टाका की."

"पण तो मधला तुकडा." ते कप बशीत फिरवत राहिले. "रघ्या मला बोलला होता, तसा नाय जाऊ द्यायचा म्हणून."

"मग?"

"सरळगावला एक बेंजोवाला हाय, हात चांगला हाय त्याचा. तेवढाच तुकडा त्याच्याकडून वाजवून मधे जोडायचा. कोणाला कळायचं पण नाय."

"कोणालाच?"

"कोणालाच नाय."

"मला?"

मी बबनभाऊजींकडे बघितलं. तुमचा लंगोटीयार. ढोल वाजवून वाजवून राकट झालेल्या हातांनी त्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, पण त्याची इच्छा होती."

"त्यांची घरी यायची पण इच्छा होती," मी म्हटलं.

माझा आवाज चढला. मयुरी आतून बाहेर आली. मी थांबले नाही. म्हटलं, भाऊजी, बाकीचं गाणं कुणीही वाजवेल. तो सरळगावचा वाजवेल, उद्या आणखी कुणी वाजवेल. पण त्या मधल्या तुकड्यात हे आहेत. डोकं फिरतंय, ढोल ऐकू येत नाही, तरी सोडत नाहीत, ते हे आहेत. त्यांचे कपडे देऊन टाकले मी. खाट दिली हॉस्पिटलनं दुसऱ्या कुणाला. तेवढा तुकडा मी कुणाला देणार नाही. तुम्ही पुसलात तर मी मुरबाडला येऊन त्या काचेवर डोकं आपटीन.

बबनभाऊजी उठले. दारापर्यंत गेले. मला वाटलं, दुखावले. तिथं उंबऱ्यात उभं राहून ते हमसून हमसून रडले, एवढा मोठा माणूस. म्हणाले, "मला पण नव्हता पुसायचा गो. पण मेल्यानं शपथ घातलेली ना."

गाणं तसंच गेलं बाहेर. मयुरीनं दाखवलं, तुमचं नाव आणि खाली बेंजो पार्टीचं. मला लावायचं धाडस होईना. गाणं आल्यावरही किती दिवस मी मोबाइल पालथा घालून ठेवत होते. शेवटी एका दुपारी आम्ही मायलेकी खाली जमिनीवर बसलो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. आधी फुकटवालं लावलं. तुमच्या गाण्याआधी कसल्याशा साबणाची जाहिरात वाजली. मग गाणं. मधला तुकडा आला तसा ढोल आणि बेंजो एकमेकांत मिसळून नुसता गलका झाला आणि गेलासुद्धा. ज्याला ठाऊक नाही त्याला काही कळणार नाही. मधल्या ॲपात थोडं कळलं. एक सूर चुकला एवढं.

भारीवाल्यात तुम्ही थांबलेले ऐकू आलात.

बटणावर बोट टेकतं त्याचा टक् असा आवाज, आणि तार वाजत नाही. पुन्हा टक्. मग चुकीचा सूर, मग त्याच्याही मागे, अगदी बारीक, तुम्ही नाकातून सोडलेला श्वास. वैतागलात की सोडायचात तसाच. मग दुसरा चुकीचा सूर. आणि मग लागला.

"आई, इथे पप्पा चुकले," मयुरी म्हणाली.

"हो."

"त्या दोन्हींत एवढं नाय कळत."

"नाय कळत."

"परत लावू?"

परत लावलं. किती वेळा ते विचारू नका. उन्हं उतरली तरी आम्ही तिथंच. मयुरी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, आणि मला मात्र तुमचा राग येत होता. एवढी वर्षं डोळे मिटायला लावलेत, एवढे वाद घातलेत, आणि फरक कळला तो असा! मधलं वेगळं, भारीवालं वेगळं. कान द्यावा लागतो म्हणत होतात, दिला मी. आता हे कुणाला सांगू? बबनभाऊजींना सांगितलं तर ते मान डोलावतात. मयुरी म्हणते, हो आई. कुणी वादच घालत नाही माझ्याशी. सगळे ऐकून घेतात. विधवेचं सगळे ऐकून घेतात, तुम्हाला माहीत नसेल.

मला ठाऊक आहे, तुम्हाला हे पटलेलं नाही. एका उतरलेल्या तारेसाठी आख्खी हळद थांबवणारा माणूस तुम्ही. तुमचं नाव लिहिलेलं गाणं चुकीच्या सुरांसकट जगभर फिरतंय, आणि ते मी फिरू दिलंय. गाडीत तुम्हाला हो म्हटलेलं असून. कुणीतरी त्याच्याखाली लिहिलंय, बेंजोवाला मधे गडबडला. मयुरी उत्तर द्यायला निघाली होती. मी नको म्हटलं. खरंच गडबडलात तुम्ही. मला तेच पाहिजे होतं. मी माफी मागणार नाही. पुन्हा विचारलं तरी पुन्हा हेच करीन.

मग रागवा ना. असे गप्प का? सडका तुकडा बाहेर घातलास म्हणून ओरडा माझ्यावर, ताट सरकवा, दोन दिवस बोलू नका. माझ्याकडे उत्तर आहे, वाशिंदहून धसईला पोचेपर्यंत पुरेल एवढं. भांडी घासताना म्हणून बघते, धुणं वाळत घालताना म्हणून बघते. सगळं तोंडपाठ झालंय. पण भांडण नेहमी तुम्ही सुरू करायचात, अहो. मला एकटीला ते सुरूच करता येत नाही.